पायरीवर अडलेला हक्क

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सरकारी पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव होता. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे लिहून टाकले. कागद खुला झाला, तळे मात्र झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायले, तेव्हा कुठे त्या ठरावाला अर्थ आला. त्यानंतरही कोर्टकचेरी सुरूच राहिली आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल लागायला १९३७ साल उजाडले. दार उघडे असल्याचे सरकारने लिहून दिले म्हणून दार उघडत नाही, हा धडा आपल्या चळवळीने फार लवकर आणि फार किंमत मोजून घेतला आहे.

हा इतिहास आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. तो आज पुन्हा सांगण्याचे कारण असे की, या देशात आणखी एका माणसाच्या वाट्याला असाच कागदी हक्क आला आहे. तो माणूस म्हणजे अपंग माणूस, आणि त्याचे अडलेले तळे म्हणजे सार्वजनिक शौचालय. अस्पृश्यता आणि अपंगत्व या दोन गोष्टी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. तेथे विटाळाची कल्पना होती, येथे सिमेंटची पायरी आहे. पण सगळ्यांच्या पैशातून उभ्या राहिलेल्या जागी काही माणसांना पाऊल ठेवता येत नाही आणि बाकीच्यांना त्याचे काहीच वाटत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

शौचालय हा विषय निघाला की सभ्य माणसे नाक मुरडतात. संपादकीय पानावर हा कसला विषय, असेही कोणी म्हणेल. परंतु माणूस घराबाहेर किती तास राहू शकतो, हे शेवटी शौचालयच ठरवते. शिक्षण, नोकरी, दवाखाना, मतदान, मोर्चा, कोर्टाची तारीख या सगळ्यांसाठी घराबाहेर पडावे लागते. ज्याला बाहेर लघवीला जायची सोय नाही, त्याला घटनेने दिलेले बाकीचे हक्क दोन-तीन तासांपुरतेच मिळाले आहेत, असे समजावे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. १९९५ साली अपंगांसाठीचा पहिला मोठा केंद्रीय कायदा झाला. त्याच्या कलम ४६ मध्ये सार्वजनिक इमारतींना उतार आणि चाकांची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी योग्य शौचालये यांचा स्पष्ट उल्लेख होता. पण त्याच कलमात सरकारने आपली सुटकाही करून घेतली होती. आर्थिक कुवत आणि विकासाच्या मर्यादेत राहून हे करावे, असे शब्द त्यात घातले गेले. मग काय, नगरपालिकेला कारंज्यासाठी पैसा असे, स्वागतकमानीसाठी असे. शौचालयाच्या दाराशी आले की नेमकी तिची कुवत संपे.

२००७ साली भारताने अपंग व्यक्तींच्या हक्कांसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर शिक्कामोर्तब केले. त्याला अनुसरून संसदेने २०१६ चा नवा कायदा केला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. अपंगत्वाचे २१ प्रकार त्याने मान्य केले. कलम ४४ म्हणते, की सुगम्यतेच्या नियमांनुसार नकाशा नसेल तर बांधकामाला परवानगी देऊ नये आणि बांधकाम तसे झाले नसेल तर पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ म्हणते, की जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुधाराव्यात. नियम जून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये संपली. कलम ८९ प्रमाणे पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या उल्लंघनाला पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे.

आता आपापल्या गावचे एस.टी. स्टँड, तहसील कचेरी, भाजी मंडई, सरकारी दवाखाना डोळ्यांपुढे आणावा. शौचालय जमिनीपासून दोन-तीन पायऱ्या वर असते, कारण खालची टाकी बसवताना ठेकेदाराने तोच सोपा मार्ग धरलेला असतो. कुठे उतार केलेला असला तर तो इतका उभा असतो, की चाकांची खुर्ची वर ढकलायला दोन माणसे लागावीत आणि खाली येताना ती सुटलीच तर थेट रस्त्यावर जावी. नियम सांगतो, की एक फूट चढायचे असेल तर उतार बारा फूट लांब हवा. दार किमान ९०० मिलिमीटर रुंद हवे आणि ते बाहेर उघडणारे किंवा सरकते हवे. आत खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा हवी, कमोडच्या बाजूला आधाराची दांडी हवी, नळ आणि कडी बसल्या जागी हाताला लागेल अशी हवी. यात काय अवघड आहे? एकही गोष्ट अशी नाही, जी गावच्या गवंड्याला आणि सुताराला जमणार नाही.

कित्येक ठिकाणी तर शौचालय बांधलेलेही असते. दारावर चाकांच्या खुर्चीचे निळे चित्र असते, उद्घाटनाची कोनशिला असते आणि दाराला कुलूप असते. किल्ली कोणाकडे, तर साहेबांकडे किंवा शिपायाकडे; आणि शिपाई जेवायला गेलेला. कुलूप उघडले तर आत झाडू, फिनेलचे कॅन, मोडक्या खुर्च्या आणि जुन्या फायली. दांडी बसवलेली असते, पण हात पोचणार नाही अशा भिंतीवर. म्हणजे बिल निघण्यापुरते शौचालय झाले, माणूस जाण्यापुरते झाले नाही.

यावर अपंग माणूस काय करतो? तो पाणी पिणे सोडतो. सकाळी घरून निघताना चहा घेत नाही, दुपारी तहान मारतो. मग लघवीच्या मार्गाची जळजळ, संसर्ग, मूत्रपिंडाचा त्रास. मणक्याला इजा झालेल्या माणसाला अनेकदा लघवीवर ताबा नसतो. ठरावीक तासांनी नळी घालून ती काढावी लागते. त्याला हात धुवायला पाणी, सामान ठेवायला एक फळी आणि कोरडी जमीन लागते. ज्याचे पाय चालत नाहीत आणि जो हातांवर सरकत जातो, त्याने ओल्या, घाण झालेल्या फरशीवर हात टेकावेत अशी आपली अपेक्षा आहे काय? अंध माणसाला कोणते दार पुरुषांचे आणि कोणते बायकांचे, हे सांगणारे उठावदार अक्षर कुठेच नसते. बौद्धिक अपंगत्व असलेल्या वयात आलेल्या मुलीला बाप बाहेर घेऊन गेला, तर त्याने तिला कोणत्या दारातून न्यावे? बायकांच्या दारातून त्याला जाता येत नाही आणि पुरुषांच्या दारातून तिला नेता येत नाही. म्हणून दोघांना एकत्र जाता येईल असे, स्त्री-पुरुष दोहोंसाठीचे स्वतंत्र शौचालय लागते. अपंग स्त्रीचे हाल तर दुप्पट. पाळीच्या दिवसांत ती घरात बसते आणि तिच्या घरी बसण्याला कोणी शौचालयाचा प्रश्न म्हणत नाही. तब्येत बरी नसेल, असे म्हणतात.

आमच्या वकिलीच्या व्यवसायात पाहिलेली एक गोष्ट सांगणे येथे अगत्याचे वाटते. पोलिओने दोन्ही पाय अधू झालेला, तीनचाकी सायकलवर येणारा एक पक्षकार आमच्याकडे होता. शेतजमिनीच्या वाटपाचा दावा होता आणि बाजू भक्कम होती. कोर्टाच्या आवारातले शौचालय तीन पायऱ्यांवर. तारखेच्या दिवशी हा माणूस सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नसे. पुकारा दुपारी तीननंतर झाला की त्याचे लक्ष साक्षीत राहत नसे. उलटतपासणी लवकर संपावी म्हणून तो समोरच्या वकिलाला हो ला हो म्हणू लागे. अखेर एक दिवस तो म्हणाला, "वकीलसाहेब, तडजोड करून टाका. मला आता तारखा नकोत." शौचालयाच्या तीन पायऱ्यांनी एका माणसाला त्याच्या बापाच्या जमिनीतला हिस्सा सोडायला तयार केले. आम्ही शौचालयाचा प्रश्न हा न्यायाचा प्रश्न मानतो, तो यासाठी.

समाधानाची गोष्ट एवढीच, की सर्वोच्च न्यायालयाने आता हा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. राजीव रतुरी यांनी २००५ साली दाखल केलेल्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल लागला. सुगम्यतेबाबतचा २०१७ च्या नियमांतील नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत आहे, असे न्यायालयाने ठरवले. कारण कायदा सक्ती करतो आणि नियम मात्र सगळे शिफारशीवर सोडून देतो. केंद्राने तीन महिन्यांत सक्तीचे नियम करावेत, असा आदेश झाला. १९९५ च्या कायद्यात जी पळवाट शब्दांनी ठेवली होती, तीच पुन्हा नियमांच्या मार्गाने आत आली होती. ती न्यायालयाने ओळखली. पाठोपाठ १५ जानेवारी २०२५ रोजी, व्यवसायाने वकील असलेल्या राजीब कलिता यांच्या याचिकेवर, देशातील सर्व न्यायालये आणि न्यायाधिकरणांच्या आवारात पुरुष, स्त्रिया, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी शौचालयांची सोय करावी, असा आदेश झाला. अशी सोय हा अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. परंतु बोले ठरावानंतर जे झाले तेच या निकालांचे होऊ द्यायचे नसेल, तर कोणीतरी तळ्यावर गेले पाहिजे.

हे काम आपल्या चळवळीने का घ्यावे? पहिले कारण आकडेवारीत आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिले तर अनुसूचित जातींमध्ये अपंगांचे प्रमाण २.४५ टक्के, अनुसूचित जमातींमध्ये २.०५ टक्के आणि इतरांमध्ये २.१८ टक्के. सर्वांत जास्त प्रमाण अनुसूचित जातींत आहे. कुपोषण, बाळंतपणातील हेळसांड, वेळेवर न मिळालेले औषध, बांधकामावरचे आणि कारखान्यातले अपघात हे सगळे कोणाच्या वाट्याला येते, ते वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण वस्तीत आहे. श्रीमंताच्या घरात अपंग माणूस असला तर तो स्वतःच्या खोलीत कमोड बसवून घेतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याला वस्तीतल्या सार्वजनिक संडासावरच जावे लागते. त्याच्यासाठी सार्वजनिक शौचालय ही प्रवासात लागणारी सोय नव्हे, ती रोजची आहे. आईने विशीतल्या मुलाला पाठीवर घेऊन रांगेत उभे राहायचे, हे चित्र आपल्या वस्त्यांतले आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. किती शौचालये बांधली, याचे आकडे सांगितले गेले. त्यांतल्या किती शौचालयांत कुबड्या घेऊन जाता येते, हेही त्याच व्यासपीठावरून सांगायला हवे होते.

तिसरे कारण सफाईचे आहे. शौचालय म्हटले की ते साफ कोण करणार, हा प्रश्न आपल्या लोकांपुढे आधी उभा राहतो, आणि तो रास्तच आहे. अपंगांचा हक्क सफाई कामगाराच्या पाठीवर लादून मिळवायचा नाही. म्हणून मागणी करताना दोन्ही गोष्टी एकत्र मागाव्यात : सुगम्य शौचालय आणि तेथे कायम नोकरीतला, पुरेसे पाणी, हातमोजे आणि साधने मिळणारा कामगार. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यावर बंदी आहे. शौचालय पाण्याअभावी तुंबू दिले, की तीच बंदी मागच्या दाराने मोडली जाते.

यावर नेहमीचे आक्षेप येतील. पहिला आक्षेप : वापरणारे कितीसे आहेत? आमचे उत्तर असे की, पूल बांधण्याआधी नदी पोहून जाणारे मोजून पुलाची गरज ठरवत नाहीत. आत जाता येत नाही म्हणून लोक येत नाहीत, आणि लोक येत नाहीत म्हणून सोय करत नाहीत, हे चक्र सरकारनेच तोडायचे आहे. शिवाय म्हातारी माणसे, गरोदर स्त्रिया, पाय मोडलेला तरुण, लहान मूल कडेवर असलेली बाई या सर्वांनाच रुंद दार आणि दांडी उपयोगी पडते. दुसरा आक्षेप पैशाचा. नकाशातच दार रुंद धरले तर खर्च फारसा वाढत नाही. खर्च होतो तो नंतर भिंत फोडताना. तिसरा आक्षेप : उघडे ठेवले तर कोणीही वापरेल. वापरू द्या. कुलूप लावून स्वच्छ ठेवलेल्या शौचालयापेक्षा वापरात असलेले आणि रोज धुतले जाणारे शौचालय शंभर पटींनी बरे.

शब्दांविषयीही थोडे बोलले पाहिजे. २०१५ सालापासून सरकारने 'दिव्यांग' हा शब्द रूढ केला आणि मराठीतला सरकारी कारभारही आता त्याच शब्दाने चालतो. काही बांधवांना तो आवडतो, त्यांचा आम्ही आदर करतो. पण आपल्या समाजाला असाच एक गोड शब्द पूर्वी देण्यात आला होता, 'हरिजन'. १९३८ साली मुंबई विधिमंडळात तो शब्द कायद्यात घालायला स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि बाबासाहेबांसह पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. नाव देवाचे देऊन पाणी मात्र द्यायचे नाही, ही रीत आपल्याला ठाऊक आहे. अंगात दिव्यत्व आहे म्हणून लघवी थांबत नाही. आम्हाला शब्दापेक्षा दार हवे आहे.

घटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वापराच्या जागा धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून कोणाला बंद करता येणार नाहीत, असे आहे. त्या यादीत अपंगत्वाचे नाव नाही. परंतु त्या अनुच्छेदामागचा विचार पाहिला तर सार्वजनिक पैशाची जागा सर्वांची, हाच तो विचार आहे. आणि तो महाडच्या तळ्यावरून आलेला आहे. समतेचा अनुच्छेद १४, जगण्याचा अनुच्छेद २१ आणि २०१६ चा कायदा मिळून ती उणीव भरून काढतात. म्हणून हा प्रश्न परका मानण्याचे आपल्याला कारण नाही.

आता करायचे काय? प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी मोजपट्टी घेऊन बाहेर पडावे. स्टँड, कचेरी, कोर्ट, दवाखाना, मंडई येथील शौचालयांच्या पायऱ्या, उताराची लांबी, दाराची रुंदी, कुलूप आणि पाणी यांची नोंद करावी. बरोबर एखादा अपंग बांधव किंवा भगिनी असावीच. काय अडते हे त्यांच्याइतके कोणालाच कळत नाही, आणि त्यांच्याविषयीचे निर्णय त्यांच्याशिवाय घेऊ नयेत. त्यानंतर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करावा : २०१७ नंतर बांधलेल्या इमारतींना पूर्णत्वाचा दाखला देताना कलम ४४ ची पूर्तता तपासली काय, त्याची कागदपत्रे द्यावीत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. ती कुठे गेली, हेही विचारावे. ग्रामसभेत हा हिशेब वाचायला लावावा. उत्तर मिळाले नाही तर पुण्यातील राज्य अपंग आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. त्यांना तक्रारीच्या चौकशीत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. वकील बांधवांनी अशा तक्रारी विनामूल्य लिहून द्याव्यात. एका अर्जाला अर्धा तास लागतो.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत धार्मिक आणि सांस्कृतिक कामासाठी लोक वापरतात त्या इमारतीही येतात. म्हणजे आपली बुद्धविहारे आणि समाजमंदिरेही त्यात आली. विहार बांधताना मूर्तीच्या संगमरवरासाठी देणगी मिळते. शौचालयाच्या दांडीसाठी कोणी पावती फाडत नाही. विहार समित्यांनी येत्या वर्षावासाच्या आधी आपल्या विहारात निदान एक शौचालय पायरीविना करावे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर, १ जानेवारीला भीमा कोरेगावला लाखोंचा जनसमुदाय येतो. तेथे जी फिरती शौचालये उभी करतात, त्यांना लोखंडी पायऱ्या असतात. प्रत्येक रांगेत जमिनीलगतचे, खुर्ची आत जाईल असे एक तरी शौचालय असावे, ही मागणी संयोजकांनी प्रशासनाच्या पहिल्याच बैठकीत लेखी द्यावी. मनात इच्छा असूनही केवळ या एका कारणाने घरी राहणारा उपासक दूरदर्शनवर अभिवादन पाहतो, याची जाणीव ठेवावी.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. कायदा झाला, मुदत संपली, सर्वोच्च न्यायालयाने सांगून झाले. आता उरले आहे ते दार उघडण्याचे काम. ते कोणी दया म्हणून करू नये आणि अपंगांनी ते उपकार म्हणून घेऊ नये. पुढच्या आठवड्यात आपल्या गावच्या स्टँडवर जावे आणि पहिली पायरी मोजावी. तिथून सुरुवात होईल. जयभीम!